न्यायालयाची वास्तू आणि न्यायाचे अंतर : नारायणगडच्या परिसरातून एक विचार

१. विषयप्रवेश

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे स्थान नगद नारायणाचे क्षेत्र म्हणून भाविकांत प्रसिद्ध आहे. 'धाकटी पंढरी' या नावाने ते ओळखले जाते. या गडाच्या पंचक्रोशीत उच्च न्यायालयाची इमारत कधी नव्हती आणि आजही नाही. तरीसुद्धा न्यायालयीन वास्तूंच्या अभ्यासासाठी हे ठिकाण विशेष सोयीचे आहे. गेल्या शंभर वर्षांत या परिसरातील मनुष्याच्या जमिनीचा, वारशाचा किंवा शिक्षेचा अखेरचा निर्णय क्रमाक्रमाने तीन वेगवेगळ्या शहरांत होत आला. १९५६ पर्यंत हैदराबादेस, त्यानंतर १९८१ पर्यंत मुंबईस, आणि पुढे औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास. घर न बदलता ज्याचे उच्च न्यायालय दोनदा बदलले, त्याच्या दृष्टीने न्यायालयाच्या इमारतीचा इतिहास पाहिला असता काही गोष्टी स्पष्ट होतात. त्या केवळ शिल्पशास्त्राच्या पुस्तकांतून स्पष्ट होत नाहीत.

न्यायालयाच्या वास्तूचे वर्णन करताना आपण सामान्यतः तिची शैली, तिचा दगड, तिचे घुमट व मनोरे यांचा विचार करतो. हा विचार आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही. देवालयाला भाविक जसे लागतात तसे न्यायालयाला पक्षकार लागतात, आणि पक्षकार तेथवर पोहोचतो कसा, हा प्रश्न वास्तूच्या आराखड्याइतकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात हैदराबाद व मुंबई येथील दोन प्रमुख इमारतींचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्यांच्या जोडीने मराठवाड्यातील पक्षकार आणि उच्च न्यायालय यांमधील अंतर कसे कमी झाले, हेही पाहावयाचे आहे. तुलनेसाठी प्रथम एका अगदी वेगळ्या प्रदेशातील उदाहरण घेऊ.

२. सुवर्णक्षेत्रातील न्यायालय

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया ही वसाहत १८५१ मध्ये स्वतंत्रपणे अस्तित्वात आली, आणि त्याच वर्षी तेथे सोन्याचा मोठा शोध लागला. पुढील वर्षी, १८५२ मध्ये, ईशान्येकडील डोंगराळ भागात, आज ज्याला बीचवर्थ म्हणतात त्या ठिकाणी सोने सापडले. पाहता पाहता तेथे तंबूंची वस्ती उभी राहिली. सोने शोधणाऱ्या माणसांबरोबर त्यांचे तंटेही आले. कोणाचा खड्डा कोठे संपतो, ओढ्याचे पाणी कोणी वळवावे, परवान्याचे शुल्क कोणी भरले नाही, कोणाचे सोने चोरीस गेले, असे प्रश्न रोज उपस्थित होत. ते सोडविण्यास मेलबर्नपर्यंत जाणे शक्य नव्हते.

परवान्याच्या जाचाविरुद्ध बॅलरॅट येथील खाणकामगारांनी डिसेंबर १८५४ मध्ये बंड केले. 'युरेका' या नावाने हे बंड इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याचा एक परिणाम असा झाला की, १८५५ मध्ये जुनी परवानापद्धती रद्द झाली. तिच्या जागी वर्षाला एक पौंड भरून मिळणारा खाणकामगाराचा हक्क प्रस्थापित झाला आणि सुवर्णक्षेत्रातच तंटे मिटविणारी स्थानिक न्यायालये स्थापन झाली. न्याय जवळ आणणे हा शांतता राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे सरकारला बंडानंतर उमगले.

बीचवर्थचे दगडी न्यायालय १८५८ मधील आहे. ते परिसरातील ग्रॅनाइट दगडाचे असून आकाराने लहान व रूपाने साधे आहे. त्याच्या शेजारीच सोने सुरक्षित ठेवण्याची कोषागाराची कचेरी, सुवर्णक्षेत्राच्या वॉर्डनची कचेरी, तारघर व पोलीस ठाणे अशा सरकारी इमारती एका रांगेत उभ्या आहेत. ज्याला तक्रार करावयाची, ज्याला पैसा भरावयाचा आणि ज्याला दाद मागावयाची, त्या सर्वांचे काम एकाच रस्त्यावर होत असे. ऑक्टोबर १८७८ मध्ये नेड केली या पुढे गाजलेल्या बंडखोराच्या आईला याच इमारतीत तीन वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्ट १८८० मध्ये स्वतः नेड केलीची प्राथमिक चौकशीही येथेच झाली. मुख्य खटला मात्र सरकारने मेलबर्नला हलविला. तेथे त्याला दोषी ठरवून ११ नोव्हेंबर १८८० रोजी फाशी देण्यात आली. न्यायालय जवळ असूनही खटला दूर नेला की स्थानिक लोकांच्या मनात कोणत्या शंका राहतात, याचे हे उदाहरण आहे. सोने संपले, वस्ती रोडावली, तरी हे न्यायालय १९८९ पर्यंत चालू होते. आज ती जुनी वास्तू म्हणून जतन केलेली आहे.

या उदाहरणातून घ्यावयाचा मुद्दा एवढाच की, तेथे माणसांची वस्ती आधी झाली आणि न्यायालय तिच्यामागून चालत आले. मराठवाड्यात याच्या उलट घडले. येथे वस्ती प्राचीन होती. परंतु वरिष्ठ न्यायासाठी वस्तीलाच न्यायालयाच्या मागे चालत जावे लागले.

३. मुसेच्या काठची वास्तू

निजामाच्या राज्यात बीड जिल्हा होता. सरकारी दप्तरात त्याचे नाव 'भीर' असे लिहीत. राज्याचे उच्च न्यायालय राजधानीत, हैदराबादेस होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला आलेल्या भयंकर पुराने त्या शहराची मोठी हानी केली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने पूरनियंत्रणाची योजना आखली गेली. १९१२ मध्ये शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले आणि नदीच्या दोन्ही तीरांवर भव्य सार्वजनिक इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. उच्च न्यायालयाची इमारत ही या पुनर्रचनेतील एक प्रमुख वास्तू होय.

नदीच्या दक्षिण तीरावर, नव्या पुलाजवळ, जेथे पूर्वी कुतुबशाही राजवाडे होते त्या भूमीवर तिचे काम १५ एप्रिल १९१५ रोजी सुरू झाले आणि १९१९ मध्ये पूर्ण झाले. २० एप्रिल १९२० रोजी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी तिचे उद्घाटन केले. मूळ आराखडा जयपूरचे शंकरलाल यांचा. प्रत्यक्ष बांधकाम अभियंता मेहेर अली फाजिल यांच्या देखरेखीखाली झाले. त्या काळात निजामाच्या सेवेत असलेले इंग्रज वास्तुविशारद व्हिन्सेन्ट एश यांचाही या आराखड्याला हात लागला. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया स्मारकाच्या बांधकामावर देखरेख करण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता.

या इमारतीची शैली भारतीय-इस्लामी परंपरेतील घटक युरोपीय नियोजनात बसविणारी आहे. भिंतींना गुलाबी ग्रॅनाइट आणि कोरीव कामाला लाल वालुकाश्म अशी दुहेरी योजना आहे. या दोन दगडांचा स्वभाव भिन्न आहे. ग्रॅनाइट कठीण असल्यामुळे भार सोसण्यास उत्तम; परंतु त्यावर बारीक नक्षी करणे कष्टाचे. वालुकाश्म मऊ असल्यामुळे कमानींच्या कडा, सज्जे व जाळ्या त्यात कोरणे सोपे. त्यामुळे भार एका दगडावर आणि अलंकार दुसऱ्यावर, अशी वाटणी कारागिरांनी केली. प्रवेशद्वाराची उंच कमान, तिच्यावरील घुमट, बाजूंचे मनोरे आणि नदीकडे पसरलेली लांब दर्शनी बाजू यांमुळे ही इमारत पाण्याच्या पलीकडून पाहणाऱ्यास राजवाड्यासारखी वाटते. राजवाड्याच्या जागी राजवाड्यासारखेच न्यायालय उभारावे, यात राजसत्ता व न्याय यांच्या संबंधाविषयीची त्या काळची कल्पना व्यक्त होते. तरीही त्याच सुमारास, १९२१ मध्ये, निजामाने न्यायखाते महसुली कारभारापासून वेगळे केले, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात ही मागणी तेव्हा अनेक वर्षे केवळ ठरावांतच होती.

नारायणगडच्या परिसरातील कुळाला वा वतनदाराला मात्र या वास्तूचे दर्शन सुखाचे नव्हते. बीडहून हैदराबाद सुमारे चारशे किलोमीटर आहे. मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला. परंतु तो जालना, परभणी, नांदेड असा गेला आणि बीड शहर त्याच्यापासून दूर राहिले. म्हणजे प्रथम बैलगाडीने किंवा पुढील काळात मोटारीने स्टेशन गाठावयाचे आणि मग आगगाडी धरावयाची. तेथे पोहोचल्यावर दुसरी अडचण भाषेची. न्यायालयाची भाषा उर्दू होती. घरात मराठी बोलणारा, हिशेब मोडीत ठेवणारा शेतकरी आपल्याच जमिनीसंबंधीचा निवाडा दुसऱ्याकडून वाचून घेत असे. अपील करण्याचा अधिकार कायद्याने सर्वांना सारखाच होता. तो वापरण्याची ऐपत सारखी नव्हती.

४. मुंबईची वास्तू

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १४ ऑगस्ट १८६२ रोजी झाली. आरंभी ते अपोलो स्ट्रीटवरील जुन्या इमारतीत भरत असे. किल्ल्याचा तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर नव्या सार्वजनिक इमारतींची जी रांग उभी राहिली, तीत विद्यापीठ व सचिवालय यांच्या जोडीला या न्यायालयाचे स्थान आहे. कर्नल जेम्स ऑगस्टस फुलर यांनी आराखडा केला. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू होऊन नोव्हेंबर १८७८ मध्ये संपले आणि १० जानेवारी १८७९ रोजी तेथे पहिली बैठक झाली. मंजूर अंदाज १६,४७,१९६ रुपयांचा होता; प्रत्यक्ष खर्च १६,४४,५२८ रुपये आला. सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी स्वस्त पडल्याचे असे उदाहरण विरळाच.

इमारतीची लांबी ५६२ फूट आणि रुंदी १८७ फूट आहे. शैली गॉथिक; म्हणजे टोकदार कमानी, उतरती छपरे, उंच निमुळते मनोरे. पश्चिमेच्या बाजूस दोन अष्टकोनी मनोरे असून इमारतीच्या शिरावर न्याय व दया यांच्या मूर्ती आहेत. या मूर्तींचा अर्थ सहज कळतो. आराखड्यातील अर्थ मात्र आत गेल्यावर कळतो. पूर्वेकडील मोठा जिना सर्वसामान्यांसाठी आहे. न्यायाधीशांसाठी पश्चिमेच्या मनोऱ्यांतून स्वतंत्र जिने आहेत. इमारतीच्या मध्यभागी फौजदारी सत्रांसाठी मोठे दालन असून प्रेक्षकांसाठी सज्जा आहे. न्यायाधीश, पक्षकार आणि आरोपी यांचे मार्ग परस्परांत मिसळू नयेत, पण सर्वांनी एकाच दालनात समोरासमोर यावे, हे न्यायालयीन आराखड्याचे मूळ सूत्र आहे. न्यायाधीशाची निःपक्षपातता त्याच्या मनात असावी लागते हे खरे. परंतु जिन्यावर एका पक्षाच्या वकिलाशी त्याची गाठच पडू नये, ही काळजी वास्तुविशारदाला घेता येते.

हवामानाचा विचारही या वास्तूत दिसतो. गॉथिक शैली थंड देशांत जन्मली. तेथे खिडकीचे काम उजेड आत घेण्याचे. मुंबईत ते वारा आत घेण्याचे व पाऊस बाहेर ठेवण्याचे. म्हणून येथे खोल व्हरांडे, उंच छत आणि जाड दगडी भिंती यांची जोड त्या शैलीला द्यावी लागली. खांबांच्या शिरोभागी पशुपक्ष्यांचे कोरीव काम आहे. त्यांत एका डोळ्यावर पट्टी बांधून हाती तराजू धरलेले माकड आणि वकिलाच्या गळपट्ट्यातील कोल्हा ही शिल्पे प्रसिद्ध आहेत. एका असंतुष्ट ठेकेदाराने सूड म्हणून ती कोरविली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे काहीही असो, गॉथिक परंपरेत कारागिराला असा विनोद करण्याची मोकळीक पूर्वीपासून होती, हे ध्यानात ठेवावे.

मराठी मनात या वास्तूचे स्थान निश्चित झाले ते जुलै १९०८ मध्ये. न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरीने दोषी ठरविले तरी आपण निर्दोष आहोत आणि मानवी न्यायालयाहून वरिष्ठ अशी शक्ती जगाचे नियमन करते, या आशयाचे उद्गार त्यांनी तेथे काढले. पुढे १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद अली करीम छागला यांच्या हस्ते त्याच दालनाबाहेर ते उद्गार संगमरवरावर कोरून बसविण्यात आले. न्यायालयाने आपल्याच निर्णयाविरुद्धचा शब्द आपल्याच भिंतीवर कोरून घ्यावा, ही घटना कोणत्याही मूर्तीपेक्षा अधिक बोलकी आहे. या इमारतीचा समावेश २०१८ मध्ये मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाबरोबर जागतिक वारसास्थळांत झाला.

५. अंतर कमी होण्याचा इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. भाषेची भिंत पडली. परंतु नकाशा समोर ठेवला असता एक विलक्षण गोष्ट दिसते. बीडहून मुंबईही सुमारे चारशे किलोमीटरच आहे. राज्य बदलले, न्यायालय बदलले. चालावयाची वाट तेवढीच राहिली.

नागपूरची स्थिती याहून वेगळी होती. तेथे १९४० पासून उच्च न्यायालयाची स्वतंत्र इमारत होती. नवी दिल्लीच्या उभारणीत काम केलेले एच. ए. एन. मेड यांनी आखलेली, वालुकाश्माची, मध्यभागी उद्यान असलेली ती वास्तू आहे. १९५३ च्या नागपूर करारात तेथे खंडपीठ राहील असे ठरले होते आणि तसे ते राहिले. जेथे इमारत होती, वकीलवर्ग होता, ग्रंथालय होते, तेथे खंडपीठ ठेवणे सोपे गेले. मराठवाड्याजवळ यांपैकी काहीच नव्हते. सुस्थित वास्तू ही केवळ न्यायाची खूण नसून प्रादेशिक हक्काचा पुरावाही ठरते, असे यावरून म्हणता येईल.

अडचण केवळ प्रवासाची नव्हती. मराठवाड्यात जमिनीसंबंधी १९५० चा हैदराबाद कुळकायदा पुढेही लागू राहिला, तर पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई कुळकायदा होता. बीडच्या कुळाचे प्रकरण मुंबईला गेले म्हणजे त्या विशिष्ट कायद्याची आणि उर्दूतील जुन्या दप्तराची माहिती असलेला वकील तेथे शोधावा लागे. मुंबईतील मुक्कामाचा खर्च, तारीख पुढे ढकलली गेल्यास पुन्हा करावयाची फेरी आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत बुडणारे काम यांची बेरीज केली तर दोन एकरांच्या तंट्यात जमिनीची किंमत वाटेतच संपून जाण्याचा संभव होता.

मराठवाड्यात खंडपीठ असावे ही मागणी म्हणूनच अनेक वर्षे चालू राहिली. अखेर मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ५१(३) अन्वये, राज्यपालांच्या संमतीने, औरंगाबाद हे न्यायाधीशांच्या बैठकीचे स्थान म्हणून नेमले. २७ ऑगस्ट १९८१ रोजी तेथे काम सुरू झाले. या आदेशाला आव्हान देण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. परंतु 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. त्यानंतर कलम ५१(२) खाली राष्ट्रपतींच्या आदेशाने १९८४ मध्ये तेथे कायम खंडपीठ स्थापन झाले. बीडपासून हे ठिकाण सुमारे १३० किलोमीटरवर आहे. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे उच्च न्यायालय नारायणगडच्या माणसाला प्रथमच लाभले.

या खंडपीठाचे काम आरंभी तात्पुरत्या जागेत चाले; १९९५ मध्ये ते जालना रस्त्यावरील स्वतःच्या इमारतीत गेले. मुसेकाठच्या घुमटांशी किंवा मुंबईच्या मनोऱ्यांशी या इमारतीची तुलना करण्याचे कारण नाही. खंडपीठ आधी आले आणि वास्तू चौदा वर्षांनी आली, हाच तिच्या इतिहासातील मुख्य मुद्दा होय.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, न्यायालयाच्या वास्तूचे सौंदर्य आणि तिची उपयुक्तता या भिन्न वस्तू आहेत. बीचवर्थचे लहानसे ग्रॅनाइटचे घर आपल्या पक्षकारांना जितके जवळचे होते, तितकी हैदराबाद व मुंबईची भव्य दालने बीडच्या पक्षकाराला कधीच नव्हती. दुसरी अशी की, अंतर हे केवळ मैलांत मोजता येत नाही. भाषा, दळणवळण आणि कायद्याची परिचितता हीदेखील अंतराचीच मापे आहेत. बीड शहरात प्रवासी आगगाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, हे या संदर्भात विसरता येत नाही. तिसरी गोष्ट अशी की, कलम ५१(३) चा तोच मार्ग पुढे इतर भागांनाही उपयोगी पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे फिरते खंडपीठ सुरू झाले, आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील पक्षकारांचीही मुंबईची वाट कमी झाली.

या जुन्या वास्तूंच्या भवितव्याचा प्रश्नही आता समोर आला आहे. हैदराबादच्या इमारतीला ऑगस्ट २००९ मध्ये लागलेल्या आगीत मोठे नुकसान झाले. तेलंगण उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी राजेंद्रनगर येथे मार्च २०२४ मध्ये झाली, आणि मुंबईच्या न्यायालयासाठी वांद्रे येथील नव्या संकुलाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. उद्या या दोन्ही इमारती बीचवर्थप्रमाणे 'माजी न्यायालये' म्हणून पाहिल्या जाण्याचा संभव आहे. त्यांचे दगड जतन केले जातील यात शंका नाही. तथापि त्यांच्या इतिहासात वास्तुविशारदांच्या आणि न्यायमूर्तींच्या नावांबरोबर पक्षकारांची वाटही नोंदली गेली पाहिजे. मराठवाड्यातील घरोघरी जुन्या पेट्यांत उर्दू निवाड्यांच्या नकला, वकिलांच्या पावत्या व अपिलाच्या खर्चाचे मोडी टिपण सापडण्याचा संभव आहे. ते कागद वाचू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. न्यायालयाच्या वास्तूचा अभ्यास करणाऱ्याने फूटपट्टी घेऊन इमारतीत जावे. पण त्याआधी या पेट्या उघडून, त्यांतील कागदांची यादी व वाचन करून घ्यावे. तसे झाल्याशिवाय या वास्तूंचा इतिहास पुरा होणार नाही.